कधीच भरती न झालेला सैनिक

हजारो सैनिकांचे कपडे घाऊक शिवायचे, तर प्रत्येकाला टेप लावत बसता येत नाही. सगळ्यांच्या वतीने कुणाचे तरी माप धरावे लागते. हा मान प्रदीर्घ काळ ‘सरासरी माणसा’कडे होता.

त्याचा जनक बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले. सुमारे ५,७०० स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे १८१७ साली एडिनबर्गच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. १८४६ मध्ये केतलेने ती मांडून पाहिली. आकडे चाळीस इंचांच्या आसपास दाटलेले आणि दोन्हीकडे विरळ होत गेलेले. ताऱ्याचे स्थान वारंवार मोजताना होणाऱ्या चुकाही अशाच पसरतात. मग त्याला वाटले, निसर्गाचा नमुना एकच, तो म्हणजे सरासरी माणूस. बाकी माणसे म्हणजे त्याच्या थोड्या चुकलेल्या प्रती.

१९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने विमानातून उड्डाण करणाऱ्या ४,०६३ जणांची १३२ मापे घेतली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्सने त्यांतली कपड्यांसाठी लागणारी दहा निवडली, सरासरीभोवती बऱ्यापैकी रुंद पट्टा आखला आणि एकेक माप चाळणीसारखे लावले. उंचीत १,०५५ जण बसले. त्यांतले छातीतही बसणारे ३०२, बाहीच्या लांबीतही बसणारे १४३. कंबरेपर्यंत तिघे उरले, मांडीला दोघे. दहाव्या मापाला कुणीच नाही. १९५२ च्या त्याच्या अहवालाचे सार हेच: सरासरी देहाचा माणूस या गर्दीत नव्हताच.

पुढे प्रत्येक मापात सर्वांत लहान पाच आणि सर्वांत मोठे पाच टक्के सोडून बाकी सर्वांना सामावून घ्यायचे, असा दंडक रूढ झाला. विमानांत सरकत्या खुर्च्या, कमीजास्त करता येणारे पट्टे आले. पण प्रत्येक मापाला दोन्ही टोकांचे थोडे थोडे लोक गळतात, आणि दरवेळी तेच गळत नाहीत. डॅनियल्सची चाळणी पुन्हा चालूच.

१९९३ साली अमेरिकेत महिलांना लढाऊ विमाने खुली झाली. एका प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटसाठी आता मोजके ‘कडेचे देह’ ठरवण्यात आले, जसे लांब धडाचे पण आखूड हातांचे. अमेरिकी लष्कराच्या २०१२ च्या मोजणीत ४,०८२ पुरुषांसोबत १,९८६ स्त्रियाही होत्या. प्रत्येकाची ९३ मापे. अशा आकड्यांतूनच कडेचे देह निवडता येतात. त्यांना बसलेली खुर्ची मधल्यांनाही सहसा बसते. उलटे मात्र होत नाही.