जुना घरगुती सर्व्हर आणि स्वस्त ग्राफिक्स कार्ड

कुटुंबाची छायाचित्रे, समारंभांच्या चित्रफिती आणि चित्रपट एका ठिकाणी साठवणारा छोटा सर्व्हर आता अनेक घरांत आढळतो. कार्यालयांनी निवृत्त केलेली यंत्रे या कामासाठी विशेष पसंत केली जातात, कारण चोवीस तास चालण्याच्या दृष्टीनेच त्यांची बांधणी केलेली असते. २०१३ साली आलेला एचपीचा ‘प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८’ हे त्याचे ठळक उदाहरण. चार हार्ड डिस्क, १६ जीबीपर्यंत मेमरी आणि आटोपशीर आकार यांमुळे फाइली पुरविण्याच्या कामात तो आजही कमी पडत नाही.

अडचण येते ती चित्रफितींच्या बाबतीत. आजचे अनेक मोबाइल ‘एचईव्हीसी’ या स्वरूपात चित्रण करतात आणि जुन्या टीव्हीला ते उलगडता येत नाही. अशा वेळी सर्व्हरला ती फीत चालू असतानाच जुन्या ‘एच.२६४’ स्वरूपात बदलून द्यावी लागते. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. जेन८मधील प्राथमिक सेलेरॉन प्रोसेसरला केवळ दोन गाभे आहेत. ४के दर्जाची फीत वेळेत बदलणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय या मदरबोर्डच्या रचनेत प्रोसेसरमधील ग्राफिक्सचा उपयोग करता येत नाही. म्हणूनच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा विचार पुढे येतो.

किंमत नव्हे, जुळणी

सर्व्हरसाठी कार्ड निवडताना खेळांच्या चाचण्यांतील गुण दिशाभूल करतात. २०१७मधील एनव्हीडियाच्या जीटी १०३० या कार्डात ३८४ गणनाघटक आहेत, तर त्याच वर्षीच्या क्वाड्रो पी४०० मध्ये २५६. खेळांसाठी पहिले सरस ठरते. मात्र त्यात चित्रफीत उलगडण्याची सोय असली, तरी नव्या स्वरूपात बांधणारा ‘एन्कोडर’ नाही; पी४०० मध्ये तो आहे. दोन्ही कार्डांची विजेची कमाल गरज ३० वॅट आहे. एएमडीचे २०२२मधील आरएक्स ६४०० हे कार्ड या दोहोंहून कितीतरी वेगवान, पण त्यातही एन्कोडर नाही.

दुसरी कसोटी विजेची. जेन८चा वीजपुरवठा १५० वॅटचा आहे. साडेतीन इंची डिस्क फिरू लागण्याच्या क्षणी २० वॅटहून अधिक वीज घेऊ शकते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या, तर निम्म्याहून अधिक क्षमता तेथेच खर्ची पडते. त्यामुळे ७५ वॅटचे कार्ड अशा यंत्रात बसविणे धोक्याचे ठरते. कार्ड कमी उंचीचे आणि एकाच खाचेत मावणारे हवे, हेही आधी मोजून पाहावे.

खाचेच्या जुनेपणाची भीती मात्र बव्हंशी अनाठायी आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीतील प्रत्येक मार्गिका सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाहून नेते. ४के ब्लू-रेची कमाल गती सेकंदाला १६ एमबी एवढीच असते. जुन्या खाचेत खेळांची गती घटते. चित्रफितींच्या कामाला ती पुरून उरते.

चाचणीचा क्रम

पेटी उघडण्यापूर्वी साठ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. एकाच यंत्रातील दोन डिस्कवर तीच माहिती असणे म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, कारण वीजपुरवठ्यात बिघाड झाल्यास दोन्ही एकदम गमावण्याची शक्यता असते.

त्यानंतर कार्ड नसतानाच्या नोंदी घ्याव्यात : निष्क्रिय अवस्थेत भिंतीच्या प्लगवर मोजलेली वीज, डिस्कचे तापमान आणि एक ठरावीक फीत बदलण्यास लागलेला वेळ. कार्ड बसविल्यावर त्याच नोंदी त्याच फितीवर पुन्हा घ्याव्यात. फीत बदलत असताना प्रोसेसरवरील भार घटला नाही, तर काम अजूनही त्याच्याकडूनच होत आहे, असे समजावे. बहुधा प्रणालीतील हार्डवेअर ट्रान्सकोडिंगचा पर्याय बंद राहिलेला असतो. ‘जेलिफिन’मध्ये ही सोय विनामूल्य आहे, ‘प्लेक्स’मध्ये त्यासाठी वर्गणी भरावी लागते.

शेवटी दोन-तीन फिती एकाच वेळी काही तास चालवून डिस्कचे तापमान पाहावे. छोट्या पेटीत कार्डाची उष्णता शेजारच्या डिस्कपर्यंत पोहोचते आणि सर्व्हरमध्ये कार्डापेक्षा डिस्कवरील माहिती अधिक मोलाची असते.

छुपा खर्च

घरगुती सर्व्हरवरील कार्ड दिवसाचा बहुतेक काळ रिकामे असते. त्या अवस्थेत त्याने १० वॅट जरी घेतले, तरी वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खर्च होते. म्हणून निष्क्रिय अवस्थेतील आकडा कमाल वेगाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. इंटेलच्या आर्क मालिकेतील ए३८०सारखी २०२२मधील कार्डे आधुनिक ‘एव्ही१’ स्वरूपही बांधतात. मात्र निष्क्रिय वीज कमी राखण्यासाठी मदरबोर्डच्या ज्या सोयी त्यांना लागतात, त्या जुन्या यंत्रांत अनेकदा नसतात.

जुन्या कार्डांच्या आयुर्मानाचाही विचार करावा लागतो. पी४०० ज्या पास्कल पिढीतील आहे, तिच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची अखेरची शाखा असल्याचे एनव्हीडियाने २०२५मध्ये जाहीर केले. कार्ड त्यामुळे बंद पडत नाही. पण प्रणाली अद्ययावत करताना त्या शाखेशी जुळणारी आवृत्तीच निवडावी लागते.

कार्डाची गरजच नाही, असाही निष्कर्ष चाचणीतून निघू शकतो. घरातील एकाच जुन्या टीव्हीसाठी हा खटाटोप असेल, तर एचईव्हीसी उलगडणारे छोटे उपकरण त्या टीव्हीला जोडणे पुरेसे होते. मग फीत बदलण्याचे कारणच उरत नाही आणि जुना सर्व्हर ज्या कामासाठी घडला, ते साठवणुकीचे काम निर्वेधपणे करीत राहतो.