उभ्या गाडीची बॅटरी : इंजिन नुसते सुरू ठेवून भागत नाही

होटगी (जि. सोलापूर) : आठवडाभर दारात उभी असलेली मोटार रोज सकाळी पाच-दहा मिनिटे जागेवरच सुरू करून ठेवायची, म्हणजे बॅटरी चार्ज राहते, असा वाहनधारकांचा सर्वसाधारण समज आहे. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत अनेकांनी हाच उपाय केला. मात्र या उपायाने बॅटरीचा फायदा थोडा आणि इंधनाचा अपव्यय अधिक होतो. रात्री-अपरात्री रुग्णाला दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा हा गैरसमज महागात पडू शकतो.

बॅटरी भरते कशी?

होटगी जंक्शनवरून विजयपूर-गदगकडे जाणाऱ्या मार्गावर पूर्वी मीटर गेज गाड्या धावत. रेल्वेच्या डब्यांखाली चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरणारे जनित्र बसवण्याची पद्धत अनेक दशके होती. गाडी धावली की बॅटरी भरे. स्थानकात थांबली की दिवे-पंखे बॅटरीवर चालत. मोटारीतील अल्टरनेटर चाकावर नव्हे, तर इंजिनवर फिरतो. त्यामुळे उभ्या गाडीतही तो वीज निर्माण करतो, आणि गैरसमजाचे मूळ इथेच आहे. इंजिन संथ गतीने फिरत असताना ही वीज कमी असते. इंधनपंप, प्रज्वलन व पंखा यांची गरज भागल्यावर उरते तीच बॅटरीला मिळते. एसी व दिवे सुरू असतील, तर तेवढीही उरत नाही.

गळतीचा हिशेब

गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म व संगणकीय यंत्रणा थोडी वीज घेत असतात. हा प्रवाह ४० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला सुमारे १ अँपिअर-तास खर्च होतो. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक साठा संपतो. सेल्फ मारताना प्रवाह १५० अँपिअरच्या घरात जातो. पण तो एक-दोन सेकंदच लागत असल्याने त्यातील खर्च अल्प असतो. खरी भरपाई करायची असते ती दिवसरात्र चालणाऱ्या गळतीची. जागेवर सुरू असलेल्या गाडीत बॅटरीला ५ अँपिअर मिळाले, तरी दहा मिनिटांत एक अँपिअर-तासही जमा होत नाही. आठवड्याची गळती मात्र सातच्या आसपास असते.

अर्धवट रिकामी बॅटरी बराच काळ तशीच राहिल्यास शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात. असे थर जमल्यावर ती पुन्हा पूर्ण भरत नाही. सोलापूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतेने बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो व तिचे आयुष्यही घटते. त्यामुळे गाडी सावलीत उभी करणे श्रेयस्कर.

काय करावे?

- आठवड्यातून एकदा गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. होटगीहून सोलापूरला जाऊन परत येण्याचे अंतर सुमारे ३० किलोमीटर होते. एवढी फेरी पुरेशी ठरते. टायर व ब्रेकही त्यामुळे ठीक राहतात.
- तीन-चार आठवडे गाडी वापरायची नसेल, तर बॅटरीची ऋण (-) तार काढून ठेवावी. काढताना ऋण तार आधी काढावी, जोडताना सर्वांत शेवटी जोडावी. किल्ली गाडीत ठेवू नये. रेडिओचा कोड असल्यास आधी टिपून घ्यावा.
- उतरलेली बॅटरी चार्जरवर सावकाश भरून घ्यावी. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस साधारण साडेतीन अँपिअरचा प्रवाह योग्य असतो.
- मल्टिमीटरने तपासणी करावी. काही तास बंद असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ म्हणजे उतरत आलेली. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा मेकॅनिककडून पाहून घ्यावा.
- इंजिन सुरू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. विजेचा दाब एकदम वाढून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निकामी होऊ शकते.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी जिवाची. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तो काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकतो. नवी बॅटरी पैसे मोजून बाजारात मिळते. गेलेला जीव परत मिळत नाही.