कॅटेक्युमेनेट

बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या नवश्रद्धावंतांना ख्रिस्ती जीवनासाठी तयार करण्याची चर्चची शिक्षणपद्धती. ‘अपोस्टॉलिक ट्रॅडिशन’ या प्राचीन ग्रंथात तिचा कालावधी ३ वर्षे सांगितला आहे. उमेदवाराने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांची विचारपूस केली का, याची चौकशी होई. उपासनेतील वाचन व प्रवचन ऐकून तो प्रभुभोजनापूर्वी बाहेर पडे. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा झाल्यावरच त्याला त्यात सहभागी होता येई. जेरूसलेमचे बिशप सिरिल यांची चौथ्या शतकातील प्रवचने या शिक्षणाचा महत्त्वाचा पुरावा आहेत. पुढे बालबाप्तिस्मा रूढ झाल्याने ही पद्धती मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमन कॅथलिक चर्चने १९७२ मध्ये प्रौढांसाठी तिचा नवा विधी प्रसिद्ध केला.