पैसे देणारा पाहुणा

अतिथीपासून द्रव्य घेऊं नये, ही आपली जुनी समजूत. द्रव्य देणाऱ्यासच अतिथी म्हणावें, ही मुंबईची चाल. 'पेइंग गेस्ट' ही विसंगत शब्दजोडी कायद्यांत कशी शिरली, हें पाहण्यासारखें आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं भाड्यानें असलेल्या जागांचें भाडें त्या दिवसाच्या आंकड्याशीं बांधलें आणि भाडेकऱ्यास सहज घराबाहेर काढतां येईनासें केलें. तेव्हां मालक 'भाडें' हा शब्दच टाळूं लागले. जागा केवळ परवान्यानें वापरावयास दिली, असे करार होऊं लागले. अखेर १९७३ मध्यें विधिमंडळानें कायदा सुधारून, त्या वर्षीं १ फेब्रुवारीस परवान्यानें खोली व्यापून असलेल्यांस भाडेकरू ठरविलें. वगळला तो मुख्यतः मालकाच्या राहत्या घरांतच जागा मिळालेला, कुटुंबाबाहेरचा पाहुणा. १९९९ चा नवा कायदा आला, तरी ही व्याख्या टिकली.

यांतील हेतु उघड आहे. परका कायमचा हक्कदार होणार असेल, तर त्यास आपला उंबरठा कोण ओलांडूं देईल? परंतु कायदा जेथें थांबतो, तेथें यजमानाची नियमावली सुरू होते: रात्रीं दहाच्या आंत यावें, स्नेह्यांस आणूं नये, स्वयंपाकघरांत शिरूं नये. भाडेकऱ्याचें संरक्षण नसलेल्यास हे नियम निमूटपणें पाळावे लागतात. 'पाहुणा' या गोड शब्दाचें मोल तो पैशांखेरीज आपल्या हक्कांनींही चुकवितो.