'हनुमान' (२००५) : एका ॲनिमेशनपटाची बलस्थाने व मर्यादा

प्रस्तावना :

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात ॲनिमेशनपटांना आजवर दुय्यम स्थान मिळालेले आहे. मुलांसाठीची करमणूक म्हणून त्यांची बोळवण केली जाते. वास्तविक दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतील काड्या पडद्यावर हलवून दाखविल्या, तेव्हापासून या माध्यमाची परंपरा आपल्याकडे आहे. प्रस्तुत लेखात २१ ऑक्टोबर २००५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'हनुमान' या हिंदी ॲनिमेशनपटाचा विचार करावयाचा आहे. व्ही. जी. सामंत यांनी तो दिग्दर्शित केला असून दिग्दर्शनाच्या श्रेयात मिलिंद उके यांचेही नाव आहे. सिल्व्हरटून्स व परसेप्ट पिक्चर कंपनी यांची ही निर्मिती होय.

हा भारतातील पहिलाच पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट होता, असे अनेकदा म्हटले जाते. हे विधान तपासून घेतले पाहिजे. चेन्नईच्या पेंटामीडिया ग्राफिक्सचा 'पांडवाज : द फाइव्ह वॉरियर्स' २००० साली आलेला होता. त्याही आधी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, युगो साको यांच्या पुढाकाराने झालेल्या भारत-जपान सहनिर्मितीच्या रामायणपटात राम मोहन यांचा सहदिग्दर्शक म्हणून सहभाग होता. 'पहिला' हा शब्द जाहिरातीत खपतो, इतिहासात त्याला पुरावा लागतो. 'हनुमान'चे महत्त्व निराळे आहे. पूर्ण लांबीचा देशी ॲनिमेशनपट चित्रपटगृहात चालू शकतो, हा विश्वास त्याने व्यवसायाला दिला.

पार्श्वभूमी :

सामंत हे फिल्म्स डिव्हिजनच्या परंपरेतले. मुंबईच्या या शासकीय संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यास व्यंगपट विभाग सुरू झाला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना प्रशिक्षण दिले. 'द बनियन डिअर' (१९५७) हे त्या काळातील फळ. पुढे या संस्थेतून जे लघुपट निघाले त्यांचा साचा ठरलेला होता. काही मिनिटांचा अवधी, एक प्रसंग आणि एक बोध. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) आमच्या पिढीनेही दूरदर्शनवर पाहिला आहे. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, 'हनुमान'चे गुण आणि दोष हे दोन्ही या साच्यात शोधता येतात. लहान प्रसंग रंगविण्यात दिग्दर्शकाचा हात बसलेला आहे. दीर्घ कथेची बांधणी करताना तो अडखळतो.

बलस्थाने :

चित्रपटाचा पूर्वार्ध बालहनुमानाचा आहे. सूर्याला फळ समजून झेपावणारे बाळ, इंद्राचे वज्र, वायूचा कोप, देवांचे वर आणि त्यानंतर आश्रमातील खोड्या हे सर्व प्रसंग एकेका लघुपटासारखे स्वयंपूर्ण आहेत. गुबगुबीत गालांचे, चपळ शेपटीचे हे बाळ रेखाटताना चित्रकारांनी हात आखडता घेतलेला नाही. तापस रेलिया यांच्या संगीताचा वाटाही मोठा आहे.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला हे रूप नवे होते, हे लक्षात घ्यावे लागेल. आमच्या जिंतूर तालुक्यातील गावागावांत वेशीवर अथवा पारावर मारुती असतो. लग्नातला नवरदेव आधी त्याच्या दर्शनाला जातो. ही मूर्ती बहुधा शेंदराच्या जाड थराखाली असते. डोळे दिसतात, चेहरा दिसत नाही. हात जोडलेला दासमारुती आणि हात उगारलेला वीरमारुती ही दोन रूपे मराठी माणसाला परिचित आहेत. शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी पुढे सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात जे मारुती स्थापिले त्यांतही हीच दोन रूपे आढळतात. या दोहोंत बाळरूपाला फारशी जागा नव्हती. ती चित्रपटाने निर्माण केली. २००८ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेला 'छोटा भीम' पाहता, बलवान बालक हा साचा पुढे किती रुजला हे ध्यानात येते.

आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. हनुमानाला आणि निवेदनाला मुकेश खन्ना यांचा आवाज आहे. 'महाभारत' मालिकेतील भीष्म आणि 'शक्तिमान' हे त्यांचेच. 'शक्तिमान' १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००५ च्या मार्चमध्ये संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोच आवाज हनुमानाच्या मुखातून ऐकू आला. दूरदर्शनवर वाढलेल्या मुलांच्या मनात पुराणपुरुष आणि सुपरहिरो यांची सांगड या आवाजाने आपोआप घातली.

मर्यादा :

मात्र ही सांगड जितकी सोयीची तितकीच फसवी आहे. अमेरिकेत १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आलेला सुपरमॅन आपली शक्ती जाणतो व जगापासून लपवितो. चष्मा लावून तो बातमीदार होतो. शक्तिमानचा गंगाधर हा त्याचाच भारतीय भाऊ. हनुमानाचे तसे नाही. त्याने शक्ती लपविलेली नाही, तो ती विसरलेला आहे. ऋषींच्या शापामुळे आलेले हे विस्मरण दुसऱ्या कोणी आठवण करून दिल्यावाचून दूर होत नाही. जगभरच्या महानायकांत हे वेगळेपण उठून दिसते.

वाल्मीकींची रचना येथे पाहण्याजोगी आहे. हनुमानाच्या जन्माची व सूर्याकडे घेतलेल्या झेपेची हकीकत किष्किंधाकांडाच्या अखेरीस सविस्तर येते, आणि ती सांगतो जांबवान. समोर समुद्र आहे. वानर हताश आहेत. हनुमान एकीकडे गप्प बसलेला आहे. अशा वेळी वृद्ध जांबवान त्याला त्याचीच गोष्ट ऐकवितो. वाचकाला आणि हनुमानाला ती एकाच क्षणी उलगडते. शापाचा तपशील तर आणखी उशिरा, उत्तरकांडात येतो.

चित्रपटाने कालक्रम सरळ केला. जन्मापासून आरंभ केल्यामुळे बाळ मिळाले, पण समुद्रकाठचा तो क्षण हातचा गेला. आपण सर्व काही आधीच पाहिलेले असते. जांबवान जे सांगतो त्यात आपल्याला नवे काही उरत नाही. एकाच निर्णयाने पूर्वार्ध तारला आणि उत्तरार्ध मारला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्तरार्धाची घाई हा त्याचाच परिणाम होय. लंकादहन, संजीवनी, युद्ध हे प्रसंग यादी वाचावी तसे पुढे सरकतात. फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंकादहन' या एकाच प्रसंगावर संपूर्ण चित्रपट उभा केला होता, हे येथे आठवावे. कथा रामाची होते आणि नायक तिच्यात साहाय्यक म्हणून वावरू लागतो. दासमारुती दाखविणे मुळीच गैर नाही, परंतु दास्यभावाला जो अंतःस्वर लागतो तो पडद्यावर ऐकू येत नाही. युद्धदृश्यांतील हालचाल पूर्वार्धाच्या तुलनेत ताठर वाटते. भारत-जपान रामायणपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतात पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा हा फरक नव्याने जाणवला. तेथे पात्रे थांबतात, पाहतात, गप्प राहतात.

व्यवसायाने 'हनुमान'मधून नेमके काय घेतले, हाही प्रश्न आहे. २८ डिसेंबर २००७ रोजी आलेल्या अनुराग कश्यप दिग्दर्शित 'रिटर्न ऑफ हनुमान'मध्ये हनुमान मानवी बालक होऊन शाळेत जातो. चित्रपट खेळकर आहे, त्याची कल्पकताही मान्य करावी लागेल. पण वाट सुपरहिरोचीच आहे. जुलै २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह'ला जे मोठे यश मिळाले, तेही बलाच्या भव्य दर्शनाचे यश आहे. आठवण करून देणारा म्हातारा त्यानंतर कोणी पडद्यावर मध्यभागी आणलेला नाही.

प्रस्तुत लेखकाने 'हनुमान' शाळकरी वयात, गावी, शेजारच्या घरी सीडीवर पाहिला. त्या काळात भारनियमन रोजचेच होते. वानर समुद्राशी पोहोचले आणि वीज गेली. अंगणात बसून पुढचा भाग आजोबांनी सांगितला. जांबवान काय काय बोलला ते त्यांनी बराच वेळ, थांबत थांबत सांगितले. लंका जळायला त्या रात्री वेळच उरला नाही. दोन दिवसांनी आम्ही उरलेली सीडी पाहिली, तेव्हा तो प्रसंग डोळ्यांदेखत सरकून गेला आणि आमच्यातल्या एकाने सीडी मागे घ्यायला लावली. काहीतरी सुटले असावे, असे त्याला वाटले होते.