रूझवेल्ट घराणे
रूझवेल्ट घराणे : अमेरिकेतील डच वंशाचे एक प्रसिद्ध घराणे. मूळ पुरुष क्लास मार्टेन्सेन व्हान रोसेनव्हेल्ट हा सतराव्या शतकाच्या मध्यास, 1650 च्या सुमारास, नेदर्लंड्समधून न्यू ॲमस्टरडॅम (आजचे न्यूयॉर्क) या वसाहतीत आला. मॅनहॅटन बेटावर त्याची शेती होती.

त्याचे नावच वंशशोधाची किल्ली ठरते. ‘मार्टेन्सेन’ म्हणजे मार्टेनचा मुलगा; ‘व्हान रोसेनव्हेल्ट’ म्हणजे गुलाबांच्या शेताचा, अर्थात त्या नावाच्या ठिकाणचा. डच वसाहतीत सर्वसामान्य माणूस बहुधा पित्याच्या नावाने ओळखला जाई. त्यामुळे पिढीगणिक नाव बदले आणि कायम आडनाव पुढे रूढ झाले. म्हणूनच संशोधकाला एकाच कुटुंबातील माणसे निरनिराळ्या नावांखाली शोधावी लागतात. अशा वेळी डच रिफॉर्म्ड चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी, जमिनीचे दस्तऐवज आणि मृत्युपत्रे हीच भरवशाची साधने ठरतात.

क्लासचा मुलगा निकोलस (1658–1742) याच्या काळात ‘रूझवेल्ट’ हे रूप स्थिरावले. त्याच्या योहानेस व याकोबस या मुलांपासून अनुक्रमे ऑयस्टर बे व हाइड पार्क या शाखा निघाल्या. पहिल्या शाखेत थिओडोर (कार्यकाल 1901–09), तर दुसऱ्या शाखेत फ्रँक्लिन (कार्यकाल 1933–45) हे राष्ट्राध्यक्ष झाले. थिओडोर यांची पुतणी एलिनॉर हिचा 1905 मध्ये फ्रँक्लिन यांच्याशी विवाह झाला आणि दोन्ही शाखा पुन्हा जोडल्या गेल्या.