राजाचा मृत्यू, खार्किव्हचे अस्तर

१/५
२५ ऑक्टोबर १७६०. ग्रेट ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज अचानक कोसळला. शवविच्छेदनात डॉ. फ्रँक निकोल्स यांना हृदयावरण रक्ताने भरलेले आणि महाधमनी आतून चिरलेली आढळली. कारण कळले, उपाय नव्हता.

२/५
महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त थरांमध्ये शिरून भिंत उकलत नेते. १९५०च्या दशकात ह्यूस्टनच्या मायकेल डबेकी यांनी छाती उघडून ती दुरुस्त करण्याची वाट दाखवली. पण ती शस्त्रक्रिया अतिशय जोखमीची होती.

३/५
१९८७ मध्ये सोव्हिएत युक्रेनमधील खार्किव्हचे शल्यविशारद निकोलाय वोलोदोस यांनी कापडी अस्तर असलेला स्टेंट धमनीच्याच मार्गाने छातीत नेला आणि अपघातात दुखावलेली महाधमनी आतून सावरली.

४/५
त्यांचे लेखन रशियन भाषेत होते. पश्चिमेने त्याची दखल उशिरा घेतली. १९९० मध्ये ब्यूनस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी पोटातील महाधमनीवर हाच मार्ग अवलंबला आणि जगभर कीर्ती त्यांना लाभली.

५/५
१९९९ मध्ये स्टॅनफर्ड व हॅम्बर्ग येथील पथकांनी उकललेल्या महाधमनीवरही स्टेंट वापरल्याचे प्रसिद्ध केले. आज खाली उतरणाऱ्या महाधमनीसाठी तो प्रस्थापित उपचार आहे. हृदयालगतची चीर मात्र बहुधा अजूनही छाती उघडूनच शिवावी लागते. जॉर्ज राजाची चीर नेमकी तिथलीच होती.